आरसीवरची गाडी आणि दारातली गाडी

डिकी उघडल्यावर विम्याच्या क्लेमसाठी आलेला सर्व्हेअर काही बोललाच नाही. चेपलेलं मागचं दार, फुटलेला दिवा, आत सरकलेला बंपर हे सगळं त्याने बाहेरूनच फोटोत घेतलं होतं. आता तो वाकून सीएनजीच्या टाकीवरची पाटी वाचत होता. नंबर त्याने वहीत उतरवला, टाकीच्या चाचणीची तारीख पाहिली आणि मग हात पुढे केला. “पॉलिसी दाखवता जरा?” पॉलिसीत इंधनाच्या रकान्यात एकच शब्द होता. पेट्रोल.

गाडी माझीच. नऊ वर्षांची वॅगनआर, सेकंडहँड घेतलेली. गॅस किट आधीच्या मालकाने अधिकृत सेंटरमधून बसवलेलं, आरसीवर पेट्रोल/सीएनजी अशी नोंदही झालेली. म्हणजे बेकायदा काहीच नव्हतं. फक्त आदल्या वर्षी पॉलिसी मी रात्री अकरा वाजता, जांभया देत, मोबाइलवरून रिन्यू केली होती. ‘बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे का?’ या प्रश्नापुढे आधीपासूनच ‘नाही’वर खूण होती आणि ती मी तशीच पुढे ढकलली. सर्व्हेअरने ४८,००० रुपये देय धरले, कंपनीने त्यातले ७५ टक्के दिले. ३६,००० हातात आले, १२,००० गेले. किटची किंमत ३५,००० धरली असती तर ते पॉलिसीवर चढवायला वर्षाला कर धरून १,७२३ रुपये लागले असते.

तेव्हापासून कुणी गाडीला काही नवीन लावून दाखवायला आणलं की मी मॅगव्हीलचं, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांचं, कौतुक करायच्या आधी पॉलिसीचं विचारतो. मंडळी वैतागतात. पण मॉडिफाय केलेल्या गाडीच्या विम्याबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘काही होत नाही रे, कोण बघतंय’. दुसरं म्हणजे ‘साधं सीट कव्हर बदललं तरी क्लेम जातो’. दोन्ही मतं गॅरेजच्या बाकावर शोभतात, पॉलिसीच्या कागदावर टिकत नाहीत.

विमा नेमका कोणत्या गाडीचा?

विमा कंपनीने तुमची गाडी बहुतेक वेळा पाहिलेली नसते. तिच्यापुढे असतं ते गाडीचं वर्णन: कंपनी, मॉडेल, व्हेरियंट, किती सीसी, कोणतं इंधन, किती सीटं, कोणत्या सालची, चासी नंबर काय. या वर्णनातल्या गाडीची किंमत काढली जाते, तिला पॉलिसीत आयडीव्ही म्हणतात, म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेली किंमत. ती काढायची रीत ठरलेली आहे. त्या मॉडेलची उत्पादकाने जाहीर केलेली विक्री किंमत घ्यायची आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. दहा लाखांची गाडी तिसऱ्या वर्षात आली की सात लाखांची.

या हिशेबात ‘उत्पादकाने जाहीर केलेली’ हे शब्द महत्त्वाचे. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यावर जे नव्हतं ते या किमतीत येत नाही. नंतर लावलेले मॅगव्हील, मोठा म्युझिक सिस्टीम, चामडी सीटं, जादा दिवे यांच्यावर तुम्ही दीड लाख घातले असतील. पॉलिसीत ते वेगळे लिहिलेले नसतील तर कंपनीच्या लेखी ते नाहीतच. गाडी चोरीला गेली तर आयडीव्हीची रक्कम मिळेल, दीड लाखाचा विषयही निघणार नाही. यात कंपनी लबाडी करते असं म्हणता येत नाही. तुम्ही ज्याचा हप्ता भरला नाही त्याची भरपाई ती देत नाही, एवढंच.

पण माझ्या किटच्या बाबतीत प्रश्न किटच्या किमतीचा नव्हताच, नुकसान पत्र्याचं होतं. तिथे दुसरा नियम लागतो. विमा हा दोघांनी एकमेकांशी खरं बोलण्याच्या अटीवर झालेला करार आहे, आणि तुम्ही अर्जात दिलेली माहिती खरी असणं ही पॉलिसीतली छापील अट आहे. जोखीम बदलणारी गोष्ट लपवली, मग ती विसरून का असेना, की कंपनीला अख्ख्या क्लेमवर बोट ठेवता येतं. म्हणजे न सांगितलेल्या बदलामुळे दोन वेगळी नुकसानं होतात. त्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत हे एक, आणि बाकीच्या गाडीचा क्लेमही डळमळतो हे दुसरं. लोक पहिल्याचा विचार करतात. महाग पडतं ते दुसरं.

आरटीओ आधी, विमा नंतर

एजंटला फोन करण्याआधी तुमचा बदल कोणत्या जातीचा आहे ते पाहावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ इथलं मुख्य कलम. साध्या मराठीत ते असं: उत्पादकाने ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील ज्याने बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं, तेव्हा ‘आता गाडीला स्टिकरही लावता येणार नाही’ अशी आवई उठली होती. निकाल तसा नव्हता. बोट होतं ते उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारांवर. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला फेरफार केला तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

या चौकटीत बसवून पाहिलं की बदल तीन ढिगांत पडतात.

पहिला ढीग निरुपद्रवी. सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, मूळ मापाचे किंवा त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीच देते त्या मापाचे मॅगव्हील. आरटीओशी याचा संबंध नाही, पॉलिसीशी आहे.

दुसरा ढीग म्हणजे कायद्याला मान्य असलेले, पण आरसीवर चढवावे लागणारे बदल. गॅस किट हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण, मुंबई-पुण्यात तर घरटी एक. रंग बदलणं यातच. रॅपबद्दल लोक वाद घालतात, पण पांढरी गाडी नखशिखांत काळ्या रॅपमध्ये गुंडाळली आणि आरसीवर पांढरा लिहिलेला असेल तर नाक्यावर उभ्या हवालदाराला तो युक्तिवाद ऐकवून बघा. इंजिन बदलणं, दिव्यांग चालकासाठी हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवणं, पेट्रोल गाडीला मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट लावणं, हेही इथेच. असा बदल झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. कर्जावरची गाडी असेल तर आधी बँकेची ना-हरकत घ्या, नाहीतर आरटीओच्या खिडकीवरून परत याल.

गॅस किटबद्दल जरा थांबतो, कारण चुका इथेच होतात. ‘किट अप्रूव्ह्ड आहे’ असं फिटर सांगतो तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचा: माझ्या मॉडेलसाठी आहे का? किटला मान्यता देण्याआधी चाचणी होते, पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय ही त्यातली एक संस्था, आणि ती मान्यता ठरावीक गाड्यांपुरती असते. बीएस-सहा या प्रदूषण निकषाच्या गाड्यांना बाहेरून किट बसवायची मुभा २०२२ मध्ये मिळाली, तीही साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांना. शिवाय टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. माझ्या सर्व्हेअरने पाटीवर तारीख पाहिली ती याचसाठी. तारीख उलटून गेलेली असती तर ७५ टक्क्यांवरही भागलं असतं की नाही, शंका आहे.

तिसरा ढीग म्हणजे ज्याला परवानगीच नाही. चासी कापून लांब करणं, छत उडवणं, उत्पादकाच्या मापाबाहेरचे, मडगार्डच्या बाहेर येणारे टायर, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर. समोरचे लोखंडी बुलबार यातच येतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून हे बुलबार कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं होतं. कारणही समजण्यासारखं आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळून झटका शोषायला बनवलेला असतो. पुढे लोखंड बांधलं की तो झटका थेट चासीत जातो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याच्या हाडांत. काळ्या काचांचंही तेच. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये फिल्मवर दिलेला आदेश अजून गाडीवाल्यांच्या तोंडी आहे.

या तिसऱ्या ढिगातल्या वस्तूवर ‘विमा काढून घेतला’ म्हणून ती कायदेशीर होत नाही. मला एकदा एकाने अभिमानाने दाखवलं होतं की त्याच्या एजंटने बुलबार ‘ॲक्सेसरीज, २२,००० रुपये’ म्हणून पॉलिसीत चढवून दिला आहे. हप्ता घेणारं संगणक खातं बुलबार आणि सीट कव्हर यांत फरक करत नाही. सर्व्हेअर करतो.

पैशाचा हिशेब

आपल्याकडच्या मोटार विम्याची शब्दरचना आणि कलमं अजूनही मुख्यतः २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफवरून (आयएमटी, विम्याचे दर आणि नियम यांचं पुस्तक) चालतात. २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर कंपन्यांना मोकळे झाले, त्यामुळे सूट प्रत्येकाची वेगळी. पण मूळ दर माहीत असले की एजंट सांगतो तो आकडा बरोबर की वाह्यात हे कळतं.

विजेवर न चालणाऱ्या वस्तू, म्हणजे मॅगव्हील, सीटं वगैरे, गाडीच्या किमतीत मिळवतात आणि गाडीच्याच दराने हप्ता लावतात. हा दर गाडी कुठे नोंदलेली आहे त्यावरही ठरतो. मुंबई-पुणे ‘अ’ विभागात, बाकीचा महाराष्ट्र ‘ब’ विभागात. १,००० ते १,५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला पुण्यात मूळ दर ३.२८३ टक्के आणि कोल्हापुरात ३.१९१. म्हणजे पुण्याच्या गाडीवर ६०,००० रुपयांचे मॅगव्हील चढवायचे तर मूळ हप्ता १,९७० रुपये, त्यातून कंपनीची सूट जाईल. विजेवर चालणाऱ्या वस्तूंना, म्हणजे टेप, ॲम्प्लिफायर, जादा दिवे यांना, त्यांच्या किमतीच्या ४ टक्के. पॉलिसीच्या भाषेत ही कलमं क्रमांकाने ओळखली जातात: विजेच्या वस्तूंसाठी आयएमटी २४, गॅस किटसाठी आयएमटी २५. पॉलिसी हातात आली की हे आकडे शोधायचे. दिसले नाहीत तर वस्तू चढलेली नाही, एजंट काहीही म्हणो.

गॅस किटलाही किमतीच्या ४ टक्के, आणि वर थर्ड पार्टीच्या, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या, भागात ६० रुपये. हे ६० रुपये क्षुल्लक वाटतात, पण तेच लोक विसरतात. सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि २०१९ पासून स्वतःच्या नुकसानीचा भाग दरवर्षी वेगळ्या कंपनीकडूनही घेता येतो. मधल्या वर्षी किट लावलं तर दोन्ही कंपन्यांना कळवावं लागतं. एकीला सांगून दुसरीला विसरलेले महाभाग मी पाहिले आहेत. आणि ‘आमची तर कंपनी फिटेड सीएनजी, आम्हाला काय’ म्हणणाऱ्यांनीही पॉलिसी काढून बघावी. कारखान्यात बसवलेल्या किटची किंमत वेगळी कळत नसेल तेव्हा टॅरिफप्रमाणे हप्त्यावर ५ टक्के लागतात. नोंद तिथेही हवीच.

उलट दिशेचंही एक कलम आहे, आणि ते सांगायला एजंट सहसा विसरतात. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदल केलेली आणि आरसीवर तशी नोंद असलेली गाडी असेल तर आयएमटी १२ खाली स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट आहे. गाडीत बदल केल्यामुळे हप्ता अर्ध्यावर येतो असं हे एकमेव प्रकरण. घरात अशी गाडी असेल तर आजच पॉलिसी उघडा.

जुनी जीप, नवा खर्च

‘पुरेसं’ कवच हा प्रश्न सगळ्यात जास्त कुणाला बोचतो? जुन्या गाड्या जिवंत करणाऱ्यांना. समजा एखाद्याने वीस वर्षांची जीप उचलली, खालचा पत्रा बदलला, रंग उडवून नवा मारला, वायरिंग नवं ओढलं, सीटं शिवून घेतली. खर्च साडेतीन लाख. आरसीला धक्का लागेल असं काहीच केलं नाही. पॉलिसी रिन्यू करताना संगणकाने आयडीव्ही सुचवला १,२०,००० आणि हप्ता कमी दिसला म्हणून गडी खूश.

आता नियम असा, की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी दुरुस्त न करता तिला ‘टोटल लॉस’ धरतात. १,२०,००० चे ७५ टक्के म्हणजे ९०,०००. मनापासून बांधलेल्या जीपला एक बरी धडक बसली तर ९०,००० चं एस्टिमेट सहज होतं. म्हणजे दुरुस्त होण्यासारखी गाडी केवळ कागदावर स्वस्त असल्यामुळे निकालात निघते. मालकाला मिळतात फार तर सव्वा लाखाच्या आतले पैसे, आणि भंगाराच्या किमतीवरून रडारड वेगळी.

उपाय आहे. पाच वर्षांवरच्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता लागू नाही. तिची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. संगणकाने सुचवलेला आकडा ही सुरुवातीची बोली आहे. बिलं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो आणि शक्य असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकनाचा दाखला घेऊन कंपनीच्या शाखेत जायचं आणि जास्त किंमत मागायची. ऑनलाइन हे जमत नाही, शाखेत जमतं, तेही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. पूर्ण साडेतीन लाख मिळतील अशी आशा नको, हौसेला बाजारभाव नसतो. पण १,२०,००० आणि २,५०,००० यांत फार मोठं अंतर आहे. आणि बिल पक्कं हवं. गॅरेजवाल्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलेला हिशेब मी स्वतः एका शाखेत पुढे सरकवलेला आहे. ऑफिसर हसला, मीही हसलो, पाकीट खिशात घातलं.

एक वायर

मोठ्या बदलांची चर्चा होते, पण मला भीती वाटते ती छोट्या वायरची. रात्री घाटातून जाताना कंपनीचे दिवे मिणमिणते वाटतात म्हणून जादा दिवे लावले जातात. मूळ एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा. त्या जागी कुणी १००/९० चा टाकतो. वायर तीच, फ्यूज तोच, करंट दीडपटीहून जास्त. वायर तापते, तिचं आवरण मऊ होतं, पावसाळ्यात पाणी शिरतं. चांगला इलेक्ट्रिशियन रिले टाकून बॅटरीवरून वेगळी लाइन ओढतो, कपलर लावतो, मूळ वायरिंग कापत नाही. घाईतला इलेक्ट्रिशियन ब्लेडने वायर सोलून पीळ मारतो आणि काळी टेप गुंडाळतो.

गाडीला आग लागली की सर्व्हेअर आगीचा उगम शोधतो. जळालेल्या बॉनेटखालीही तांब्याचा पीळ ओळखू येतो. गाडीतला निव्वळ विजेचा बिघाड पॉलिसीत बसत नाही, पण त्यातून लागलेल्या आगीचं नुकसान बसतं. मात्र उगम जर न सांगितलेल्या, कापून जोडलेल्या वायरिंगमध्ये सापडला तर कंपनीचा वकील तिथेच तंबू ठोकतो. माझ्यासारखा मागून धडक बसलेला क्लेम आणि असा क्लेम यांत हाच फरक. बदलाचा नुकसानीशी थेट संबंध नसेल तर काही टक्के कापून तडजोड होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ आणि २०१० मध्ये खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या दोन प्रकरणांत पूर्ण क्लेम नाकारणं मान्य केलं नाही, आणि ७५ टक्क्यांचा हा मार्ग तिथून लोकांच्या ओळखीचा झाला. पण बदलामुळेच नुकसान झालं असेल तर तडजोडीला जागा उरत नाही.

ईसीयू रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल, तरुण मंडळी म्हणतात, ‘ते तर सॉफ्टवेअर, दिसतच नाही’. बॉनेट उघडून दिसत नाही हे खरं. पण सर्व्हिस सेंटरला ईसीयू वाचता येतो, आणि इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवलेल्या गाडीबद्दल मला विम्याआधी इतर काळज्या वाटतात. शर्यत आणि वेगाची चाचणी तर पॉलिसीच्या छापील अटींतच बाहेर ठेवलेली आहे. शनिवार-रविवारच्या ऑफ-रोड स्पर्धेत नाव घालण्याआधी ते पान वाचा.

समोरच्याचं काय?

इथे थोडा दिलासा आहे, पण तो तुमच्यासाठी नाही, तुमच्या गाडीने ज्याला धक्का दिला त्याच्यासाठी. थर्ड पार्टी विमा कलम १४६ ने सक्तीचा आहे आणि अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या भरपाईच्या आड ‘गाडीत फेरफार होता’ हे सहजी येत नाही. अशा दाव्यात कंपनीला कोणते बचाव घेता येतील ते कायद्याने मोजकेच ठेवले आहेत. पॉलिसीची अट मोडली असेल तेव्हा न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला सांगतं, आधी याला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. हा दुसरा अर्धा भाग लोक ऐकत नाहीत. मृत्यू किंवा इजा यांच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते. ती रक्कम वसुलीला तुमच्या दारात आली तर बुलबारची किंमत कळते.

कळवायचं कसं

काम सोपं आहे, त्याचा क्रम चुकतो. गाडी गॅरेजला टाकण्याआधी कंपनीला मेल करायचा: अमुक पॉलिसी, अमुक गाडी, हा बदल करणार आहे, साधारण खर्च इतका, जादा हप्ता किती? उत्तर लेखी येऊ द्या. एजंटने फोनवर ‘चालतंय की’ म्हटलं, हा पुरावा नाही. काम झाल्यावर जीएसटीचं बिल, चारही बाजूंचे फोटो आणि लागू असेल तर नवी आरसी पाठवायची. कंपनी गाडी बघायला माणूस पाठवू शकते. उरलेल्या दिवसांपुरता जादा हप्ता भरायचा. तो पोचेपर्यंत जादा जोखीम सुरू होत नाही, विमा कायद्यातलं कलम ६४व्हीबी तसं सांगतं, त्यामुळे ‘मेल केला होता’ हे पुरेसं नाही. शेवटी एंडोर्समेंट नावाचा एक-दोन पानी कागद येतो. तो आला की त्यातलं इंधन, वस्तूची किंमत आणि तारीख वाचायची. दरवर्षी रिन्यू करताना, विशेषतः कंपनी बदलताना, हे सगळं नव्याने भरावं लागतं. जुन्या कंपनीला सांगितलेलं नव्या कंपनीला स्वप्नात कळत नाही.

वस्तू चढवली म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम मिळेल असंही नाही. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, फायबरवर ३०, धातूच्या भागांवर वयाप्रमाणे, काचेवर शून्य. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घेतलं असेल तर बाहेरून लावलेल्या वस्तूंना ते लागू आहे का, हे त्या ॲड-ऑनच्या मजकुरात पाहावं. अनिवार्य वजावट, म्हणजे दर क्लेमला तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, वेगळी: १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

क्लेम नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. मी गेलो नाही. आरसी स्वच्छ होती, त्यामुळे भांडायला जागा होती असं काहींनी नंतर सांगितलं. पण ती खूण तशीच पुढे ढकलली होती मीच, आणि लोकपालासमोर बसून ‘मी वाचलं नव्हतं’ हे म्हणायला जीभ वळली नसती.

राहता राहिलं विक्रीचं. गाडी विकताना बरेच जण किट किंवा मॅगव्हील काढून नव्या गाडीला लावतात किंवा वेगळे विकतात. मॅगव्हील काढले तर कंपनीला मेल पुरे. गॅस किट काढलं तर आरसीवरून सीएनजीची नोंदही उतरवावी लागते. ती तशीच राहिली तर घेणाऱ्याच्या आरसीवर सीएनजी, आणि डिकीत टाकीच्या जागी चार रिकामे बोल्ट. माझी वॅगनआर मी किटसकट विकली. घेणारा मुलगा पॉलिसी नावावर करताना मोबाइलवर भराभर अंगठा चालवत होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सीएनजीच्या प्रश्नापुढची खूण आधी ‘हो’वर नेली.